काचेखालचा वारा

विमानतळावर माणसं विमान पकडायलाच जातात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा विमानतळ पाहिलेला नसणार. इथे येणाऱ्यांतली निम्मी माणसं नुसती हिंडायला येत. डोळे फिरतील एवढा मोठा काचेचा घुमट, त्याच्या पोटात चढत्या पायऱ्यांची बाग, बागेला वेढून गोलाकार दुकानं, मधोमध थेट छतातून कोसळणारा धबधबा, पोरांना घसरगुंड्या, थोरांना हिरव्या कुंपणांचा भूलभुलैया, आणि ज्यांना हौसेने पोटात गोळा आणून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी हवेत टांगलेला काचेचा पूल. नवी जोडपी फोटो काढायला येत, म्हातारी माणसं फुकटच्या गारव्याला येत. ज्या घरात सासूसुनेचं पटत नसे, त्या घरातलं एक तरी माणूस संध्याकाळी तिथल्या बाकावर हमखास सापडे. विमानं मागच्या बाजूला कुठेतरी उडत असत. त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नसे.

या बागेत एक माणूस झाडं हलवायचा. हसू नका, ती त्याची नोकरीच होती. काचेखाली पाणी आणता येतं, ऊन आणता येतं, धुकंसुद्धा नळीतून सोडता येतं; पण वारा काही केल्या तसा येत नाही. वाऱ्याविना वाढलेलं झाड दिसायला मोठं देखणं असतं, उंच, तुकतुकीत, आणि आतून पोचट. त्याच्या खोडाला कधी कुणाशी झुंजावंच लागलेलं नसतं. मग एक दिवस स्वतःच्याच फांद्यांचा भार झेपेनासा होऊन ते मोडून पडतं, आणि खाली बाकावर कुणी आइस्क्रीम खात बसलेलं असतं. म्हणून रोज सकाळी दुकानं उघडायच्या आत हा माणूस एकेका झाडापाशी जायचा, खोड दोन्ही हातांनी धरायचा आणि गदागदा हलवायचा. कोवळी झाडं हळू, थोराड झाडं जोरात. बागेतल्या लोकांनी त्याचं नाव वारोबा ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी त्याचं खरं नाव पुकारलं तर तो स्वतःच इकडेतिकडे बघत बसे.

लवकर आलेले प्रवासी त्याला बघून थबकत. एकदा एका चिमुरडीने विचारलं, "आई, हे काका झाडाला का मारतायत?"  आईने पोरीला हाताला धरून धबधब्याकडे नेलं. वारोबा झाडाला म्हणाला, "बघ, तुझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी आलं."

तो आला होता हमाल म्हणून, कुंड्या उचलायला. हे काम त्याला शिकवलं मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे बागेच्या प्रमुख. अंगाने काटकुळ्या, आवाजाने मात्र खणखणीत, आणि झाडाच्या बाबतीत कुणाचं काही चालू न देणाऱ्या. रोपवाटिकेतून नवं झाड आलं की ते आधी टेकूला बांधायचं, हे कुणालाही ठाऊक असतं. बाईंनी त्याला पुढचं शिकवलं. "टेकू लावायला अक्कल लागत नाही," त्या म्हणत. "काढायला लागते. जास्त दिवस ठेवलास तर खोड आळशी होतं. दोरी रोज चाचपायची. दोरीवर भार येत नाही असं दिसलं, की काढून टाकायची. झाडाला विचारत बसायचं नाही."

वारोबाने ते शब्द उराशी धरले. दोरीखाली बोट घालून तो बरोबर ओळखायचा की झाड अजून टेकूवर रेललंय की स्वतःच्या पायावर उभं आहे. इतरांना धीर होत नसे तेव्हा तो दोरी सोडून मोकळा व्हायचा. त्याने सोडलेलं एकही झाड कधी पडलं नव्हतं. माणूस तसा गरीब स्वभावाचा, चारचौघांत मागे उभा राहणारा. पण टेकूची गोष्ट निघाली की त्याची मान ताठ व्हायची. प्रत्येकाला एखादी तरी मिजास हवीच, त्याची ही होती.

घरी बायको होती आणि तिचं शिलाई मशीन होतं. दोन खोल्यांच्या त्या घरात मशीनची जागा आधी ठरली होती आणि मग पलंगाची. विमानतळावरच्या नोकरमाणसांचे गणवेश ढिले करणं, घट्ट करणं, उसवलेलं शिवून देणं, हे सगळं तिच्याकडे यायचं. त्यामुळे न जाता तिला अख्खा विमानतळ ठाऊक होता, आणि तोही कमरेच्या मापावरून. तिकडे सगळे तिला शिलाईबाई म्हणत. "सुरक्षेचा साहेब रजेवरून आला वाटतं," ती विजार उलटी करत म्हणायची. "कंबर बघा. माणसाला सुट्टी मानवली." संध्याकाळी वारोबा दारात दिसला की मशीनवरून मान न उचलता विचारायची, "आलं का आमचं वादळ?" आणि वादळ निमूटपणे चहा टाकायला जायचं.

ती बागेत मात्र कधी आली नव्हती. आधी मुलगी लहान होती. मग काम हातावेगळं होत नव्हतं. मग मुलगी मोठी होऊन लग्न करून त्याच विमानतळावर बॅगांच्या दुकानात लागली, आणि बाप आणि मुलगी भेटली की बागेचंच बोलतात म्हटल्यावर हिला बघण्याजोगं काही उरलंय असं वाटेना. "जाऊ की," ती म्हणायची. "बाग काय विमानात बसून जाणार आहे का?" त्यालाही ते पटायचं. जवळची गोष्ट माणूस किती वर्षं पुढे ढकलू शकतो, याला काही सीमा नाही.

एका दुपारी तो घरी आला तर मशीन चालू होतं. बायको मशीनवर बसलेली होती. त्याने आधी कापड पाहिलं. शिवण बाहीच्या कडेने नीट आली होती आणि मध्येच वळून भलतीकडे, बाहीच्या आरपार गेली होती. तिच्या हातून असली शिवण त्याने जन्मात पाहिली नव्हती. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पाय मशीनच्या पायट्यावर तसाच दाबलेला होता, आणि ती त्याच्याकडे बघून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती.

पक्षाघाताने उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी आणली तेव्हा उजवा हात पांघरुणावर दुसऱ्या कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा पडलेला असे. जीभ जड झाली होती. जिच्या तोंडाला विमानतळ घाबरायचा तिला पाणी मागायला चार चार वेळा प्रयत्न करावा लागे, आणि मग तिला स्वतःचाच राग येऊन डोळे भरायचे. वारोबा तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जायचा. तिला रडताना बघितलेलं तिला आवडत नसे.

व्यायाम शिकवायला एक फिजिओबाई यायच्या. शांत, हसऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, यांचे हातपाय आपण रोज हलवायचे. त्या हलवू शकत नाहीत म्हणून आपण हलवायचे. नुसतं पडून राहिलं की स्नायूंतलं बळ जातं."

इतके दिवस काळवंडलेला वारोबाचा चेहरा एकदम उजळला. डॉक्टरांची भाषा त्याच्या डोक्यावरून जात होती, पण हे तर त्याचंच काम होतं. फिजिओबाई गेल्यावर तो पलंगापाशी बसला आणि बायकोचा हात हातात घेऊन म्हणाला, "अगं, हे मला येतं. मी दुसरं काय करतो रोज?"

तिने त्याच्याकडे बघितलं. मग शब्दांची जुळवाजुळव करत म्हणाली, "म्हणजे... मी... झाड?" आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसली. आजारपणातलं तिचं ते पहिलं हसू.

त्याने पाळी बदलून घेतली. सकाळी बागेतली झाडं, मग घरी येऊन बायको, संध्याकाळी पुन्हा बायको. क्रम ठरलेला. आधी बोटं, एकेक उघडायचं, मिटायचं. मग मनगट, मग कोपर, मग खांदा. मग खाली घोटा, गुडघा. ती कुरकुरायची, कधी डाव्या हाताने चापट मारायची. तो म्हणायचा, "मार. झाडांना मारता येत नाही, तू तरी मार." मुलगी रजेच्या दिवशी येऊन स्वयंपाक करून ठेवायची आणि आईबापांचं हे भांडण ऐकत दाराआड डोळे पुसायची.

आणि फरक पडला. आधी करंगळी हलली. मग एके सकाळी पायाचा अंगठा हलला, तो दिवस वारोबाने बागेत प्रत्येकाला थांबवून सांगण्यात घालवला. ती आधार घेऊन बसू लागली, बसून उभी राहू लागली. बोलणंही मोकळं होत गेलं. मशीनकडे बघून एक दिवस ती म्हणाली, "ते राहू दे. हात काही पहिल्यासारखा होणार नाही, मला कळतं. पण मला एकदा तुमच्या बागेत जायचंय."

"उद्या नेतो," वारोबा म्हणाला. "चाकांच्या खुर्च्या तर तिकडे पोत्याने पडल्यात."

"खुर्चीत नाही. मी काय सामान आहे ढकलत न्यायला? त्या सगळ्यांची कापडं मी शिवलीत. त्यांच्या समोरून जायचं तर चालत जाईन. नाहीतर नको."

झालं. आता त्या घरात दुसरा विषय उरला नाही. ती स्वतःच्या पायांनी बागेत जाणार, बस्स. फिजिओबाईंनी चालायला वॉकर आणून दिला, चार पायांचा, हलका. "आता बरेच महिने हाच," त्यांनी बजावलं. "घाई करायची नाही. पडणं आपल्याला परवडणार नाही."

वॉकर वापरला गेला, पण वारोबाच्या डोक्यात किडा वळवळू लागला. बायको वॉकरवर रेलते हे त्याला दिसत होतं. सगळा भार हातांवर, पाय नुसते मागून फरपटत. हा टेकूच की! आणि टेकू जास्त दिवस ठेवला तर काय होतं हे त्याच्याइतकं त्या फिजिओबाईला थोडंच ठाऊक असणार? त्याने एक दिवस वॉकर बाजूला केला आणि तिचे दोन्ही हात धरले. पुढे एकच हात. मग नुसतं एक बोट. पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग. ती त्याच्या बोटाला धरून चालायची, लहान पोर जत्रेत धरतं तशी घट्ट, आणि चालता चालता प्रत्येक वेळी सांगायची, "बोट सोडू नका हं."

"नाही सोडत."

"वर बघून सांगा."

"नाही सोडत गं बाई."

वॉकर कपाटावर गेला. फिजिओबाईंनी विचारलं, "वॉकर वापरता ना?" तर दोघांनी शाळकरी पोरांसारख्या एकदमच माना डोलावल्या. त्या गेल्यावर किती तरी वेळ दोघं हसत होती. त्या घरातलं शेवटचं मोकळं हसू तेच, पण तेव्हा हे कुणाला माहीत असतं?

बागेत जायचा दिवस उजाडला. मुलीने दुकानात सांगून ठेवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत ती खाली येऊन भेटणार होती. शिलाईबाईने स्वतः शिवलेला निळा पोशाख घातला, डाव्या हाताने केस विंचरले आणि वारोबाच्या बोटाला धरून नोकरमाणसांच्या बसमध्ये चढली. विमानतळाच्या दारात सुरक्षेचा साहेब उभा होता. त्याने तिला ओळखलं नाही, पण तिने ओळखलं. त्याच्या पट्ट्याकडे बघत ती म्हणाली, "विजार पुन्हा ढिली करायला हवी, पाठवून द्या." साहेब आधी गोंधळला, मग ओळख पटून असा हसला की मागची रांग बघत राहिली. खुर्च्या ढकलणारी पोरं, झाडूवाल्या बायका, चौकशी खिडकीतली मुलगी, जो तो पुढे येऊन विचारपूस करत होता. वारोबाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एवढ्या वर्षांत त्या दारातून आत येताना त्याच्यासाठी कुणी मान वर केली नव्हती.

धबधब्यासमोर ती कितीतरी वेळ उभी राहिली. "एवढं पाणी इथे पडतंय," ती शेवटी म्हणाली, "आणि आपल्या नळाला करंगळीएवढी धार." मग तिने त्याची झाडं बघितली. कुठलं कोवळं असताना आलं, कुठल्याने त्रास दिला, कुठल्याचा टेकू त्याने सगळे नको म्हणत असताना काढला, सगळं त्याने दाखवलं. एका झाडाच्या खोडावर तिने उजव्या हाताने, हो, त्या गेलेल्या हाताने, हळूच थाप मारली. "हा घ्या माझा वारा," म्हणाली. 

ती झाडांमधल्या वाटेवर उभी होती. मान वर करून काचेकडे, पानांमधून झिरपणाऱ्या उजेडाकडे बघत होती. त्याचं बोट तिच्या मुठीत होतं, आणि त्याच्या लक्षात आलं की बोटावर भारच नाही. तिळमात्र नाही. ती आपल्या पायांवर उभी होती, सरळ, ढिल्या दोरीतल्या झाडासारखी. आयुष्यभर त्याच्या हाताला एकच गोष्ट नेमकी कळत आली होती, ती त्या क्षणी कळली. त्याने विचारलं नाही. हळूच बोट काढून घेतलं.

ती चालली. एक पाऊल, मग आणखी एक. आपण एकटीच चालतोय हे तिला ठाऊकही नव्हतं. मागे उभ्या वारोबाला वाटलं, हाक मारून सगळ्यांना गोळा करावं, मोठ्या बाईंना बोलवावं. तेवढ्यात तिने न बघता मागे हात केला. हाताला काही लागलं नाही. तिने पुन्हा चाचपलं. मग बोट कुठे गेलं ते बघायला ती वळली आणि वळता वळता पाय पायात अडकून त्या गुळगुळीत फरशीवर कोसळली.

झाड पडताना निदान आधी कुरकुरतं. हिच्या तोंडून आवाजसुद्धा फुटला नाही, नुसता हाड मोडल्याचा आवाज आला. माणसं धावली. कुणी फोन काढून उभे राहिले, कुणी पाणी आणलं. एक पोरगा चाकांची खुर्ची घेऊन पळत आला, आणि त्या खुर्चीकडे बघून वारोबाला पहिल्यांदा रडू फुटलं. मुलगी बॅगांच्या दुकानातून धावत खाली आली. आईजवळ फरशीवर बसत तिने विचारलं, "बाबा, झालं काय? तुम्ही धरलं नव्हतं का?"

वारोबाने तोंड उघडलं.

"मीच," खालून आवाज आला. वेदनेने तिची जीभ पुन्हा अडखळत होती, पण शब्द समजत होते. "मीच सोडला हात. मला... एकटीला चालायचं होतं."

वारोबाने उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, पण आधीच खचलेल्या देहाने साथ दिली नाही. ती घरी आली ती पलंगावर, आणि आता उठणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. कपाटावरचा वॉकर फिजिओबाई परत घेऊन गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर वारोबाला बरं वाटलं असतं.

मुलगी येई तेव्हा आईला जवळ घेऊन पुनःपुन्हा तेच म्हणे, "कशाला गं हात सोडलास? एवढी कसली घाई होती तुला?" आई उगी राहायची. वारोबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला मूग गिळून बसायचा. एकदा मुलगी गेल्यावर तो म्हणाला, "मी सांगून टाकतो तिला."

"काही सांगायचं नाही," बायको म्हणाली.

"पण खोटं किती दिवस..."

"ऐका. माझ्यावर ती किती दिवस रागावणार? मी आहे तोवर. तुमच्यावर रागावली तर तुम्ही कुठे जाल?" ती दमून थांबली. मग म्हणाली, "तुम्हाला चहाशिवाय काही करता येत नाही."

बागेत तो पुन्हा जाऊ लागला. झाडं हलवायचा, पण मान खाली घालून. नवी झाडं आली, टेकूला बांधली गेली, आणि टेकू तसेच राहिले. दोऱ्या ढिल्या पडून लोंबू लागल्या. समोरच्या घड्याळांच्या दुकानदाराने तक्रार केली, की ऐन दारासमोर हे बांबू आणि ही सुतळी म्हणजे काय? मोठ्या बाईंनी वारोबाला बोलावलं.

"दोऱ्या बघितल्यास का?"

"बघितल्या."

"मग?"

"अजून थोडे दिवस राहू द्या, बाई."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्यांना बागेत काय झालं ते ठाऊक होतं, का झालं ते बहुधा तेव्हा कळलं. आपणच शिकवलेलं ते, हेही त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्या खणखणीत बाईंचा आवाज एकदम खाली गेला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच माळ्याला दोऱ्या सोडायला लावल्या, वारोबा नसताना.

घरी मात्र सकाळ-संध्याकाळ चालू होतं. बोटं, मनगट, कोपर, खांदा. डॉक्टर म्हणाले होते, आता त्याचा काही उपयोग नाही, त्यांना त्रास होत नसेल तर करा. वारोबाला उपयोगाशी देणंघेणं उरलं नव्हतं. ती दिवसागणिक हलकी होत होती. एका संध्याकाळी त्याने तिचा हात उचलला तर ती म्हणाली, "राहू द्या आता."

"थोडंच राहिलंय."

"सोडा."

तो तसाच हात धरून बसला. बागेतल्या त्या दिवसाबद्दल दोघांमध्ये सरळ असं कधी बोलणं झालं नव्हतं. आता ते त्याच्या तोंडून बाहेर आलंच. "तेव्हा तू सोडू नका म्हणायचीस," तो म्हणाला, "आणि मी सोडलं. तुझा भार माझ्या बोटावर नव्हता गं. खरंच नव्हता."

"माहितीये." तिने डोळे मिटले होते. "मी उभी होते ना? चांगली उभी होते. मला फक्त तुम्ही हवे होतात."

 तिने मुठीत त्याचं बोट घेतलं आणि झोपली. त्याने रात्रभर ते काढलं नाही.

सकाळी दुकानात जायच्या आधी मुलगी डोकावली. खिडकीतून ऊन आत आलं होतं. वारोबा पलंगाच्या कडेला बसून आईची बोटं एकेक करून उघडत होता, मिटत होता. मुलीने आईच्या कपाळावर हात ठेवला आणि तशीच थांबली.

"बाबा," ती म्हणाली. "आई गेली."

"हो," तो म्हणाला. "पहाटेच. अजून कोपर राहिलंय."

मुलगी आईच्या अंगावर कोसळली. रडता रडता तिचं नेहमीचंच वाक्य आलं, "का गं सोडलास हात? का सोडलास?" आणि यावेळी उगी राहून ते सोसायला आई नव्हती. वारोबाने बायकोचा हात नीट पांघरुणावर ठेवला.

"तिने नाही," तो म्हणाला. "मी सोडला होता. ती सोडू नका म्हणायची, आणि मी सोडला."

मुलीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.  तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने खाली न बघता सोसलं, ते आपल्या वाट्याचंच आहे अशा रीतीने. मग ती उठली, तोंडावरून हात फिरवला आणि बाहेरच्या खोलीत गेली. मशीनपाशी उभी राहून तिने मावशीला फोन लावला. आतल्या खोलीत सगळं ऐकू येत होतं.

"हो, पहाटे," ती सांगत होती. "नाही, त्या पडण्यातून उठलीच नाही ना ती."  पलीकडून मावशी विचारत असावी. "नाही गं," मुलगी म्हणाली, "बाबांनी धरलं होतं. तिनेच सोडला हात."

वारोबाने पुन्हा बायकोचा हात उचलला आणि कोपर हळूहळू वाकवू लागला.